मदत हवी आहे: मेकॅनम ठेवायचं की सहा चाकांवर जायचं?

आमच्या स्पर्धेच्या रोबोटला चार मेकॅनम चाकं (कडेवर तिरके रोलर असलेली, आडवंही सरकू देणारी) आहेत, प्रत्येकाला स्वतंत्र मोटर. वजन १४ किलो. नियमाने एकूण ८ मोटर चालतात, त्यातल्या ४ हाताला आणि लिफ्टला गेल्यात. त्यामुळे स्वर्व्ह (प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वळणारी रचना) बाद. चारही चाकं चालवायला आणि वळवायला मिळूनच ८ लागतील.

आडवं सरकताना रोबोट फिरायचा. रोलर वरून पाहिल्यावर इंग्रजी एक्ससारखे दिसतात हे तपासलं, एन्कोडरवर (चाकाचं फिरणं मोजणारा सेन्सर) पीआयडी (चूक पाहून वेग आपोआप सुधारणारं नियंत्रण) लावलं, जायरोने (रोबोटचं वळणं मोजणारा सेन्सर) दिशा सुधारली. ते बरंच आटोक्यात आलं. पण प्रतिस्पर्ध्याने बाजूने रेटलं की रोबोट जागा सोडतो. गिअर बदलून टॉर्क (चाक फिरवण्याची ताकद) वाढवला, तर चाकं जागच्या जागी घसरली. म्हणजे ताकद पुरेशी आहे, पकड कमी पडतेय.

दुसरा विचार असा: सहा रबरी चाकं, मधली जोडी ३ मिमी खाली, म्हणजे वळताना फार घासणार नाहीत. पण आडवं सरकणं जाईल, आणि वस्तू ठेवताना आमचा ड्रायव्हर त्यावरच अवलंबून आहे. हातात ५ आठवडे आहेत.

दोन्ही चालवलेल्यांनी सांगा: सहा चाकांवर वस्तू अचूक ठेवण्याइतका हात बसायला किती सराव लागला? आणि कोपऱ्यांत ओम्नी (कडेवरच्या रोलरमुळे बाजूलाही सरकणारी चाकं), मध्ये रबरी अशी जोडणी केली तर बाजूच्या रेट्यापुढे ती टिकते का?