गणपतीत डीजे सोडून नैराश्यावर पथनाट्य, पोरांचं बरोबर का उगं नाटकं?

मांजराकाठचा: आमच्या गावच्या मंडळाच्या पोरांनी यंदा डीजे कॅन्सल करून नैराश्यावर पथनाट्य बसवलं आन शेवटी १४४१६ ह्या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फ्लेक्स लावला, त्यावरून गावात दोन तट पडलेत. मला तर लई पटलं. आपल्याकडं माणूस गप्प बसाय लागला की बाहेरचं झालंय म्हणत आधी देवऋषी, आन दवाखान्याचं नाव काढलं की "येरवड्याला धाडता का त्याला?" ह्यातली दोन पोरं लातूरला नीटची परीक्षा रिपीट करून आलेत, त्यांना ह्यातलं कळतंय.

कोरडवाहू_बीड: नाही पटलं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ आन मोंढ्यात व्यापारी काय देतोय ते बघा, वर सोसायटीचं कर्ज, आन ही पोरं सांगणार मन मोकळं करा! मोकळं करून व्याज थांबतंय का? २०१५ ला सरकारनं शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्प आणला, आशाताई वही घेऊन घरोघर फिरल्या. पुढं काय झालं?

आशाताई_परभणी: दादा वहीला नावं ठेवू नका, ती आम्हीच भरतो. झोप लागती का विचारलं की सासू आधीच म्हणती, आमच्यात तसलं कुणी नाही. एका घरात सुनेच्या गोळ्या ज्वारीच्या कोठीत लपवलेल्या, पाकिटावरचं नाव खरडून, कारण नणंदेला बघायला पाहुणे यायलेत. गोळीला गुण यायला दोन-चार आठवडे लागतेत, त्याच्या आधीच घरचे बंद करतेत. कर्ज खरंय, पण ही लाज बी खरीच हाय ना. मी एकटीनं किती सांगायचं?

गोदाकाठ_नांदेड: पोरांचं कौतुकच आहे, फक्त त्यांनी स्वतः समुपदेशक बनून बसू नये, कुणी जीव द्यायचं बोललं तर वीस वर्षाच्या पोराला झेपत नाही ते. १४४१६ ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. तो लावून द्या आणि शेजारी बसा. सरकारची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला, म्हणजे त्यातलं आपल्या मराठवाड्यात एकही नाही. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकलला मानसोपचार आहे पण वाडीवरनं जायचं म्हणजे मजुरी बुडते, यष्टीचं भाडं वेगळं. डीजेचे पैसे वाचलेत ना, त्यातून गाडी करा की.

कोरडवाहू_बीड: गाडीचं पटलं. पण मला एक सांगा, नाटकात काम केलेल्यापैकी एक तरी जण गोळ्या चालू असलेली पोरगी करील का? आधी ते सांगा मग फ्लेक्स लावा.

मांजराकाठचा: त्याचा बाप करू देईल का ते विचारा की! पोरं नाही म्हणायच्या आधी आपलेच लोक बायोडाटा परत पाठवतेत.

आशाताई_परभणी: त्या नणंदेची सोयरीक जमली. सुनेच्या गोळ्याचं अजून सांगितलं नाही पाहुण्यांना, आन मी बी सांगा म्हणलं नाही. पण गोळ्या चालू हायत, मी दर खेपेला पाकीट मोजते.

कोरडवाहू_बीड: मग लपवलंच ना शेवटी.

आशाताई_परभणी: लपवलं. पण खाल्ल्या तर खरं.