टार्टचा तळ ओला राहतो? आपापले किस्से लिहा

परवा जेवणानंतरचं गोड म्हणून पीच-बदाम टार्ट (मैद्याच्या खुसखुशीत पारीत फळं भरून भाजतात तो) केला. वरून दृष्ट लागावी असा दिसत होता. कापायला घेतला तर तळ सुरीबरोबर लगदा होऊन वर आला. पाहुण्यांनी चमच्यांनी खाल्ला आणि "पुडिंग मस्त झालंय" म्हणाले. मीही "हो ना" म्हणून मोकळी झाले. उन्हाळी फळं आणि सुकामेवा घालून टार्ट करणाऱ्यांनो, तुमचं काय काय बिघडलं? पाककृती नको, किस्से हवेत.

चिमूटभर : तळ आधी नुसताच भाजून घेतला होतात का? मी पारीला काट्याने टोचे मारते, त्यावर बटर पेपर आणि वजन म्हणून कोरडा राजमा पसरते. 190 अंशांवर 15 मिनिटं. मग राजमा काढून आणखी 8-10 मिनिटं, बिस्किटासारखा कोरडा दिसेपर्यंत. गरम असतानाच अंड्याचा पांढरा भाग ब्रशने फिरवायचा. त्याचा पापुद्रा धरतो आणि रस चटकन खाली उतरत नाही. पहिल्या खेपेला कागदच विसरले होते. राजमा मैद्यात रुतून बसला, एकेक दाणा सुरीच्या टोकाने उपटला. आता तोच राजमा वर्षानुवर्षं वापरते. डब्यावर 'खाऊ नये' असं लिहिलंय, तरी घरच्यांनी एकदा भिजत घातलाच.

ओटीजीवाला : माझा तळ कोरडा असतो, पण कडा बसतात. पॅनभर लावलेली पारी भाजल्यावर बशीएवढी! दोन चुका होत्या. एक, मैदा कणकेसारखा तिंबत होतो. गार लोणी बोटांच्या टोकांनी चोळून रवाळ करायचं, चमचा-दोन चमचे बर्फाचं पाणी घालून गोळा जेमतेम जमवायचा आणि थांबायचं, हे उशिरा कळलं. दुसरी, पारी कमी पडली की ओढून ताणून कडेपर्यंत नेत होतो. ताणलेली पारी ओव्हनमध्ये सूड घेते. आता पॅनमध्ये लावल्यावर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवतो.

आंबटगोड : फळाखाली बदामाचं सारण घातलंत की नुसतेच बदाम वर पेरलेत? सारण रस पिऊन घेतं. लोणी, साखर, बदामपूड प्रत्येकी 100 ग्रॅम, दोन अंडी, दोन चमचे मैदा. 23 सेंमीच्या पॅनला पुरतं. बदाम मिक्सरमध्ये एकटे फिरवू नका. मी घाईत फिरवले तर तेल सुटून गोळा झाला, चक्क बदामाचं लोणी. त्यातलीच थोडी साखर बरोबर घालून थांबत थांबत फिरवायचं. आणि फळाची कापलेली बाजू वर ठेवायची, म्हणजे रस तळाशी न जाता वरच्या वर आटतो.

चेरीप्रेमी : बिया काढलेल्या चेरींना तासभर आधी साखर लावून ठेवली, मुरतील म्हणून. वाटीभर रस सुटला आणि तो मी हौसेने टार्टमध्येच ओतला! आता रस निथळून घेते, आटवून दाट करते आणि भाजून झाल्यावर चेरींवर लावते. अशी चकाकी जॅमनेही येत नाही.

नवशिका : तळ सुटणारा पॅन पहिल्यांदाच आणला होता. तो खालून तळहातावर उचलला आणि गरम रिंग बांगडीसारखी सरकत कोपराजवळ आली. एका हातावर टार्ट, दुसरा हात मोकळा पण सुचेना काही. आधी वाडग्यावर ठेवून रिंग खाली सोडतात म्हणे.

खमंग : माझं मत वेगळं आहे. खाली थोडा ओलसर, वर कडक असाच मला आवडतो. मात्र हेझलनट न भाजता घालणं अक्षम्य. 170 अंशांवर दहा मिनिटं भाजून जाड फडक्यात चोळले की सालं निघतात. बरीचशी.

मी पुन्हा : काल परत केला. राजमा, अंड्याचा पांढरा भाग, कापलेली बाजू वर, सगळं ऐकलं. शिवाय ओव्हनचा ट्रे आधीच तापवून त्यावर पॅन ठेवला. तुकडा हातात धरून खाता आला! वरचे बदामाचे काप तेवढे करपले. अर्ध्या तासाने फॉइल झाकायला हवी होती. आता आलुबुखारचा करायचाय. भाजल्यावर त्याची सालं फारच आंबट लागतात, सारणात साखर वाढवू का?

चिमूटभर : सारणाला हात लावू नका. शेवटची दहा मिनिटं उरली की फळांवर चमचाभर साखर भुरभुरवा. आधी घातलीत तर पुन्हा पुडिंग.