चोडण बेट (गोवा): पावसात शेळ्यांचे खूर कुजताहेत

प्रश्न: गोठा खाजनालगत (खाडीकाठच्या सखल जमिनीलगत) आहे, जमीन कायम ओली. दोन शेळ्या लंगडतात, खुरांच्या बेचक्यातून घाण वास येतो. काय करावं?

उत्तर १: वाढलेली नखी कापा, पण रक्त येईल इतकी नको. 10 लिटर पाण्यात 1 किलो झिंक सल्फेट घालून 5 मिनिटं त्यात उभ्या करा, मग तासभर कोरड्या फरशीवर. लगेच चिखलात सोडल्यात तर सगळं फुकट.

उत्तर २: झिंकऐवजी मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) पाणी वापरलंत तर शेळी ते पिणार नाही एवढं बघा, विषबाधा होते. लंगड्या वेगळ्या बांधा.

उत्तर ३: औषधं ठीक, पण मुळात माच हवा. दोन-अडीच फूट उंच, फळ्यांत बोटभर फट. लेंड्या खाली पडतात, पाय अडकत नाही. आंत्रविषाराची (आतड्यांत विष तयार होणाऱ्या रोगाची) लस मात्र पावसाआधी, मेमध्येच. पेंडही जास्तीची भरून ठेवा, वादळी वाऱ्यात फेरीबोटीचा भरवसा नाही.