मदत हवी आहे: ब्रशने लिहिलेलं चिनी अक्षर लोगोत लहान केलं की गिचमीड होतंय

रेघोटी: अक्षर स्कॅन करून इलस्ट्रेटरमध्ये इमेज ट्रेस केलं, म्हणजे चित्राच्या आपोआप रेषा करून घेतल्या. मोठं सुरेख दिसतं, लहान केलं की कोरड्या ब्रशचे पांढरे माग बुजतात, खालचे ठिपके चिकटतात. उद्या द्यायचंय. सेटिंग काय ठेवू?

बोरूबहाद्दर: कोणतं अक्षर? स्कॅन किती डीपीआय? लहान म्हणजे किती?

रेघोटी: घोड्याचं, म्हणजे 'घोडा' अर्थाचं पारंपरिक 馬. 300, ब्लॅक अँड व्हाइट मोड. फेव्हिकॉनला (ब्राउझरच्या टॅबवरचं चिन्ह) 16 पिक्सेल, शिवाय टोपीवर भरतकाम.

शाईदौत: मग घोळ स्कॅनमध्येच आहे. 1200 डीपीआय, ग्रेस्केल घ्या. लेव्हल्सने कागदाचा करडेपणा घालवा, मगच थ्रेशोल्ड, म्हणजे निव्वळ काळं-पांढरं. ट्रेसमध्ये नॉइज कमीत कमी ठेवा, तो वाढवला की बारीक माग गाळले जातात. पांढरा रंग वगळण्याचा पर्याय चालू करा, नाहीतर रंगीत पार्श्वभूमीवर ते माग पांढरे ठिगळ होऊन बसतात.

बोरूबहाद्दर: ऑटो ट्रेस नकोच! रेषेवर शेकडो अँकर पॉइंट (वळणाचे बिंदू) पडतात. पेन टूलने हाताने काढा.

शाईदौत: पेन टूलने काढलेला फेइबाय, म्हणजे कोरड्या ब्रशचे ते पांढरे माग, मेलेला दिसतो. ब्रशचा वेग त्या मागांतच असतो. मोठ्या लोगोसाठी ट्रेसच हवा.

माळढोक: कागद कोणता ते आधी सांगा. कच्च्या श्वेन कागदावर (चिनी सुलेखनाचा कागद) शाई पसरते, कडा मऊ होतात. तुरटी लावलेला शू श्वेन घ्या, कडा धारदार येतात. शेळीच्या केसांचा ब्रश शाई फार धरतो. विझल (मुंगसासारखा छोटा प्राणी) त्याच्या शेपटीच्या केसांचा घ्या, शाई निथळवा, झपकन ओढा.

नोंदवही: लोगो चीनमध्ये वापरणार असाल तर ट्रेडमार्कचा अर्ज लगेच करा. तिथे आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क मानतात.

रेघोटी: कंपनी तैवानमधल्या तैपेईची आहे. ट्रेडमार्क त्यांचा वकील बघतोय. 16 पिक्सेलचं काय?

पाटीपेन्सिल: सरळ सोपं रूप घ्या ना, तीनच रेघांचं.

शाईदौत: ते मुख्य भूमीवरचं, म्हणजे चीनमधलं. तैवानमध्ये पारंपरिक लिपी चालते, तिथल्या गिऱ्हाइकाला ते परकं वाटेल.

ठसा: 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकचं चिन्ह पाहा, लाल शिक्क्यात पांढरं 'जिंग'. तसा शिक्काच करा. पांढऱ्या अक्षराच्या शिक्क्यात रेघा जाड असतात, चौकोन भरतो.

वळणदार: शिक्का टोपीवर शोभेल, पण ठिपक्यांचा प्रश्न ट्रेसने सुटणार नाही आणि शिक्क्यानेही नाही. हे खायशू (सुटं, नेमकं) वळण दिसतंय: दहा फटकारे, खाली चार ठिपके. 16 पिक्सेलमध्ये आडव्या रेघा कशाबशा मावतात. ठिपक्यांच्या वाट्याला जेमतेम एकेक पिक्सेल येतो, कडा करड्या होतात नि चारही एक होतात. त्याच लेखकाकडून अक्षर शिंगशूत (जोडत नेलेलं वाहतं वळण) लिहून घ्या. त्यात चार ठिपक्यांची एकच लाटेसारखी रेघ होते, पारंपरिक रूप मोडत नाही. फेइबाय मोठ्या आवृत्तीतच ठेवा. लहान आवृत्ती भरल्या ब्रशने, सगळ्या फटी रुंद. ती मात्र पेन टूलने काढा, तिथे बोरूबहाद्दर बरोबर आहेत.

रेघोटी: म्हणजे दोन वेगळ्या फाइल? भरतकामाला कोणती?

वळणदार: लहान आवृत्तीच. टोपीच्या मापात रेघ किंवा फट 1 मिमीपेक्षा बारीक ठेवू नका, टाके एकमेकांवर चढतात.