४५० अंशांच्या पिझ्झा ओव्हनमध्ये वरचे एलिमेंट टिकत नाहीत

सांगलीचा_पिझ्झावाला
नमस्कार मंडळी. सांगलीत माझं छोटं पिझ्झा किचन आहे. ओव्हन इथल्याच फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलाय. आत उष्णता अडवणारं सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट, खाली उष्णता सोसणारा कॉर्डिएराइटचा दगड, थ्री फेज. वर ३ आणि खाली ३ एलिमेंट, प्रत्येकी १५०० वॅट. पाइप ८ मिमी, एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील), यू आकार, तापणारी लांबी साधारण ९० सेंमी. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा दीड मिनिटात निघायला हवा, म्हणून ४५० अंशांवर चालवतो.

खालच्यांची तक्रार नाही. वरचे मात्र दोन-तीन महिन्यांत जातात. पाइपवरून काळे पापुद्रे सुटतात आणि मधेच कुठेतरी भोक पडतं. दुकानदार म्हणतो, "२००० वॅटचा घ्या, दमदार असतो." रात्री दहानंतर आमच्याकडे व्होल्टेज २५० पर्यंत चढतं, तेही सांगून ठेवतो. काय करू?

भोसरीचा_हीटरवाला
त्याच मापात २००० वॅटचा टाकलात तर महिन्याभरात परत दुकानात याल. दुकानदाराला ते चालेल, तुम्हाला नाही.

वॅट बाजूला ठेवा, पाइपच्या दर चौरस सेंमीवर किती वॅट पडतात ते बघा. आम्ही याला वॅट डेन्सिटी म्हणायचो आणि एवढ्या एका आकड्यावर माझी निम्मी हयात गेली. तुमचा ८ मिमी पाइप, ९० सेंमी, म्हणजे सुमारे २२६ चौ.सेंमी. १५०० भागिले २२६ = ६.६ वॅट. २५० व्होल्टला पॉवर १८ टक्के वाढते (व्होल्टेजचा वर्ग, विसरू नका), की झाले ७.८. अशा ओव्हनमध्ये ६.६ ला पाइपचं अंग माझ्या हिशेबाने साडेआठशे अंशांच्या वर जातं. वरचे एलिमेंट छताला चिकटून असतील तर आणखी वर, कारण पाठीची उष्णता जाणार कुठे? गरम-गार होताना ३०४ चा संरक्षक थर सुटतो, नवा धरतो, पुन्हा सुटतो. प्रत्येक पापुद्र्याबरोबर पाइप पातळ होत जातो. तेच तुमचं भोक.

बनवून घ्या: इन्कोलॉय ८०० चा (निकेल-क्रोम-लोखंडाचा, जास्त उष्णता सोसणारा मिश्रधातू) ११ मिमी पाइप, डब्ल्यू आकार, चार पाय ४५-४५ सेंमीचे. वॅट तेच १५००. पृष्ठभाग ६२२ चौ.सेंमी, डेन्सिटी २.४, पाइप पावणेसातशेच्या आसपास राहील. छतापासून दोन-अडीच सेंमी खाली घ्या. आणि एक टोक मोकळं सोडा. ४५ सेंमीचा पाय तापल्यावर ५ मिमी वाढतो. दोन्हीकडे आवळलात तर कमान करून दगडाकडे झुकेल.

मिरज_इलेक्ट्रिकल
काका, पाइपच्या भानगडीत पडायचंच कशाला? कांथलची (लोखंड-क्रोम-अॅल्युमिनियमची वायर) उघडी कॉइल टाकायची. निक्रोम (निकेल-क्रोमची वायर) १२०० अंशांपर्यंत, कांथल ए-१ तर १४०० पर्यंत. विषय संपला.

भोसरीचा_हीटरवाला
विषय तिथून सुरू होतो, मालक. तिथेही तोच हिशेब. १५०० वॅटला २३० व्होल्टवर ३५ ओहम लागतात. २२ गेजची वायर घेतली तर पावणेदहा मीटरमध्ये भागतं, पण डेन्सिटी ७. १९ गेज घेतली तर पावणेवीस मीटर लागते आणि डेन्सिटी २.४ वर येते. ओहम तेच, वॅट तेच. फरक वजनात: एक २७ ग्रॅम, दुसरी ११३. वायर किलोवर विकत घेणारा कारखानदार कुठली घालतो ते ओळखा.

शिवाय कांथल गरम असताना निक्रोमपेक्षा लवकर लोंबते, आणि एकदा तापून निघाली की आतले कण मोठे होऊन ठिसूळ होते. गार कॉइल सरळ करायला गेलात तर कडकन तुटते. चीजचे शिंतोडे, मीठ हेही तिच्यावरच्या संरक्षक अॅल्युमिनाच्या थराला खातात. आणि मुख्य म्हणजे उघड्या कॉइलमध्ये करंट असतो. पोरगा अॅल्युमिनियमचं पीठफावडं आत घालणार, तेव्हा तुम्ही तिथे नसाल. भट्टीत कांथल उत्तमच. पण अन्नाच्या ओव्हनमध्ये ती क्वार्ट्झच्या नळीत नाहीतर सिरॅमिकच्या खाचेत हवी.

कुडाळकर_बेकरी
पावसाळ्यात ओव्हन आठ दिवस बंद ठेवला की पहिल्या दिवशी ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. एलिमेंट बदलायचे का?

भोसरीचा_हीटरवाला
लगेच नको. पाइपात मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर असते, ती दमट हवा ओढते. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजायचं मीटर) मोजून घ्या. मग एकसारखे दोन एलिमेंट तात्पुरते सिरीजमध्ये जोडून दोन-तीन तास चालवा. प्रत्येकाला निम्मं व्होल्टेज, पाव पॉवर, ओल हळूहळू निघून जाते. हे काम वायरमनकडून करून घ्या. ईएलसीबी बायपास करून "तापला की आपोआप सुकेल" असं कोणी सांगितलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. सुकल्यावरही मेगर वर येत नसेल तरच नवा.

सांगलीचा_पिझ्झावाला
काका, मोजून आलो. वरचे खरंच छताला टेकलेत. डब्ल्यूची चौकशी केली. बनवणारा विचारतोय, थंड टोक (पाइपच्या शेवटचा न तापणारा भाग) किती ठेवू? भिंत १०० मिमी आहे. आणि थर्मोस्टॅट काढून पीआयडी (तापमान बारकाईने सांभाळणारा कंट्रोलर) लावू का?

भोसरीचा_हीटरवाला
पीआयडी लावा, सोबत एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे हलते भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच). थर्मोस्टॅटवर एलिमेंट लाल-काळा होत राहतो, एसएसआरवर एकसारखा राहतो. पण एसएसआर बिघडला की बहुधा शॉर्ट होतो, मग ओव्हन थांबत नाही. म्हणून एसएसआरच्या आधी काँटॅक्टर (पूर्ण पुरवठा तोडणारा मोठा स्विच) आणि त्याला वेगळा हाय-लिमिट कट-ऑफ, स्वतःच्या थर्मोकपलसकट (तापमान मोजणारा सेन्सर).

थंड टोक १२५ मिमी सांगा. तापणारा भाग ब्लँकेटच्या आत एक सेंमीही शिरता कामा नये. तिथे उष्णता सुटायला वाव नसतो, बाकी पाइप ठणठणीत असला तरी तेवढाच जळतो. टर्मिनलला निकेलची वायर, ग्लास फायबरचं स्लीव्ह, आणि एसएसचे नटबोल्ट. तांब्याचे लग (वायरच्या टोकाला लावायच्या पट्ट्या) तिथे काळे पडून सैल होतात.