२००४ चा पराभव: विदर्भाचा अपवाद

‘इंडिया शायनिंग’च्या (देश चमकतो आहे, असे सांगणाऱ्या भाजप आघाडी सरकारच्या) जाहिरातींमुळे ग्रामीण मतदार चिडला आणि म्हणून भाजप २००४ ची लोकसभा निवडणूक हरला, हे नेहमी मांडले जाणारे मत मला अपुरे वाटते. ते पूर्णतः खरे असते, तर कापूस उत्पादकांचे हाल उघड दिसत असलेल्या आमच्या विदर्भात भाजप-शिवसेना युतीचे पानिपत व्हायला हवे होते. प्रत्यक्षात तिने येथील ११ पैकी १० जागा जिंकल्या आणि काँग्रेसच्या विलास मुत्तेमवारांनी राखली ती नेमकी नागपूरची, म्हणजे शहराची जागा. राज्यात तेव्हा काँग्रेस आघाडीचे सरकार असल्याने शेतकऱ्यांचा रोष बहुधा मुंबईकडे वळला असावा.

खरा घाव दक्षिणेत बसला. आंध्रात १९९९ मध्ये तेलुगू देसम व भाजप यांच्या मिळून ३६ जागा होत्या, त्या ५ वर आल्या. तमिळनाडूत द्रमुक या तिथल्या पक्षाने भाजपची साथ सोडल्यावर द्रमुकच्या आघाडीने सर्व ३९ जागा नेल्या. उत्तर प्रदेशात भाजपला जेमतेम १० मिळाल्या. अंतिम आकडे काँग्रेस १४५, भाजप १३८ असे होते, त्यामुळे मित्रपक्षांचे गणित जाहिरातींपेक्षा अधिक निर्णायक ठरले, असे मला वाटते.