सफाईचा लहान व्यवसाय सुरू करताना वकिलाचा खर्च : मोफत विधी सेवा व्यावसायिकालाही मिळावी का?

ओली फरशी (धागाकर्ती, पिंपरी) :
चार सहकारी महिलांसह मी सोसायट्या आणि लहान कार्यालयांच्या सफाईची कामे घेऊ लागणार आहे. 'सगळी कागदपत्रे करून देतो' म्हणणाऱ्या एका सल्लागाराने 18,000 रुपये सांगितले. चौकशी केल्यावर समजले की उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून करायची सरकारी नोंदणी) सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, जीएसटी नोंदणीलाही शुल्क नाही आणि सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत ती साधारणपणे बंधनकारक नाही; शॉप ॲक्टखाली (दुकाने व आस्थापना कायदा) मोजक्या कामगारांच्या आस्थापनेला तर नोंदणीऐवजी केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उरतो तो ग्राहकाशी करायचा करार, आणि वकील खरा लागतो तो तेथेच. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. मग असा मोफत वकील देणाऱ्या सरकारी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने असा करार तपासून का देऊ नये? भांडण कोर्टात गेल्यावर वकील द्यायचा आणि ते टाळण्यासाठी मात्र द्यायचा नाही, हे मला पटत नाही.

सनदधारक :
मी याच्याशी असहमत आहे. ज्याला दावा दाखल करायचा आहे किंवा ज्याच्यावर तो झाला आहे अशा व्यक्तीबद्दल कलम 12 बोलते. नफ्यासाठी करायच्या कराराबद्दल नाही. प्राधिकरणाच्या यादीवरील वकिलांना मिळणारे मानधन तुटपुंजे असते आणि त्यांच्यापुढे कोठडीतील आरोपी व पोटगीसाठी खेटे घालणाऱ्या स्त्रिया रांगेत असतात. त्या रांगेत ठेकेदाराने उभे राहू नये. मशीन आणि फिनाईल यांचा खर्च आपण दरात धरतो, तसाच वकिलाचाही धरावा.

कलमवाचक :
कलम 12 वाचताना कलम 2 मधील व्याख्या सोडून चालणार नाही. 'विधी सेवा' या शब्दांत कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणे समाविष्ट आहे. सामाईक सेवा केंद्रांतून चालणारी टेली-लॉ सेवाही (फोन किंवा व्हिडिओवरून वकिलाचा सल्ला) 2022 पासून सर्वांसाठी विनामूल्य आहे. सल्ला मागण्यात म्हणूनच काही गैर नाही. मात्र संपूर्ण मसुदा लिहून मिळावा ही अपेक्षा मलाही जास्त वाटते.

चिंचवडचा ठेकेदार :
बारा वर्षे याच धंद्यात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सुरुवातीला एका सोसायटीने पुढे केलेल्या छापील करारावर मी न वाचता सही केली. त्यात 'संस्था सांगेल ती सर्व सफाई' असे एक निरुपद्रवी वाटणारे वाक्य होते. चार महिन्यांनी त्याच वाक्यावर बोट ठेवून सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला सांगितले गेले. सुरक्षा साधनांशिवाय असे काम करवून घेणे हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गुन्हा आमच्यावरही आला असता. मी नकार दिला, तेव्हा तीन महिन्यांचे बिल अडकले. फोनवर सल्ला देणाऱ्याने हा प्रश्न विचारला असता का? आपण जे विचारतो त्याचेच उत्तर फोनवर मिळते. जे विचारायचे सुचतच नाही ते समोर बसून कागद वाचणारा वकील दाखवतो. पुढच्या करारासाठी मी ओळखीच्या वकिलाला फक्त वाचण्याचे 3,000 रुपये दिले. कामांची यादी, यंत्र आणि रसायने कोणाची, चोरीचा आळ आल्यास चौकशीआधी पगारातून कपात नाही, एवढेच त्याने घालून दिले. (आळ आमच्या बायकांवर सर्वांत आधी येतो, हे या धंद्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही.)

बिलाबद्दलही लिहितो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार, लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. ही ओळ करारात असली की सेक्रेटरी चेक लवकर काढतो.

सनदधारक :
काढत असेलही, परंतु व्याजाची नोटीस पाठवणाऱ्याला पुढच्या वर्षी काम मिळत नाही, हेही आपणच सांगाल. तीन हजारांत होणारे काम सरकारने फुकट का करावे, हा माझा प्रश्न तसाच उरतो.

ओली फरशी :
कारण मी पाच फ्लॅट साफ केले तरी तीन हजार सुटत नाहीत. तरीही पूर्ण मसुद्याची मागणी मी मागे घेते. यादी आणि चोरीबाबतचे कलम स्वतः लिहून, सोमवारी शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात केवळ सल्ला मागणार आहे. नकार मिळाला तर तीन हजार बाजूला काढेन. करारासाठी ऑक्टोबर 2024 पासून 100 ऐवजी 500 रुपयांचा स्टॅम्प लागतो, तो सोसायटीने भरायचा की मी, एवढे ठेकेदार दादांनी सांगावे.

चिंचवडचा ठेकेदार :
निम्मा-निम्मा मागा, ताई. मूळ प्रत मात्र तुमच्याकडे ठेवा.